तारेचा ठोकळा

टाचणबाईंना हे नाव पडलं ते कचेरीत. त्याआधी पंधरा वर्षं त्या शाळेत गणित शिकवत होत्या, तेव्हा मुलं त्यांना नुसतं 'बाई' म्हणायची. मग एका वर्षी घसा बसला तो उठलाच नाही. स्वरतंतूंवर गाठी निघाल्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "वर्गात ओरडायचं असेल तर दोन वर्षांत आवाज गेला म्हणून समजा." आवाज ठेवला आणि नोकरी सोडली.

नवी नोकरी मिळाली ती अशा कचेरीत, जिथे दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू माणसं प्रत्यक्षात कशी वापरतात ते तपासलं जायचं. कधी तिकिटाचं यंत्र, कधी आजारी माणसाच्या औषधाची डबी, कधी मुलांचा खेळ. काम एकच, वापरणाऱ्याच्या मागे खुर्ची टाकून बसायचं आणि तो कुठे अडतो, कुठे चुकीचं बटण दाबतो, कुठे कपाळाला आठ्या घालतो ते लिहून काढायचं. मदत करायची नाही, मान डोलवायची नाही, 'अरेरे' म्हणायचं नाही. बाकीच्या लोकांना हे जमायला महिना लागायचा. टाचणबाईंना पहिल्या दिवशी जमलं. बोलायचं तर नव्हतंच.

"पंधरा वर्षं बोलून खाल्लंस, आता मूग गिळून खा," त्यांचे वडील म्हणाले. घरात ती दोघंच होती, आणि वडिलांची थट्टा ही घरातली नेहमीचीच गोष्ट होती.

त्यांच्या वह्या कचेरीत प्रसिद्ध होत्या. डावीकडे वेळ, मध्ये काय घडलं ते, उजवीकडे एक बोटभर जागा कोरी. त्या कोऱ्या जागेत त्या घरी जाऊन विचार करून एखादा शब्द लिहायच्या. शिक्षकी टाचणाची सवय गेली नव्हती. म्हणून टाचणबाई.

त्या वर्षी त्यांच्याकडे एका कंपनीचा गणिताचा चष्मा आला. चष्मा म्हणजे पोहणाऱ्यांचा असतो तसा जाड, वर पट्टा. तो लावला की समोरचं टेबल, वही, स्वतःचे हात सगळं दिसायचं, आणि त्या खऱ्या टेबलावर एक नसलेला ठोकळा येऊन बसायचा. तो उलगडायचा, त्याचा सपाट कागद व्हायचा, पुन्हा मिटायचा. मुलांनी त्याच्या बाजू मोजायच्या, कोपरे ओळखायचे, ठोकळ्यांच्या ढिगाऱ्यात किती दिसतात आणि किती लपलेत ते सांगायचं. असे पाच धडे. बारा वर्षांच्या सव्वीस मुलांवर एका शाळेत चार दिवस चाचणी घ्यायची होती. वापरायला सोपा आहे का, मुलांना आवडतो का, आणि त्यातून काही कळतं का, हे तीन प्रश्न. कंपनीच्या प्रकल्पप्रमुखांना दहा दिवसांत अहवाल हवा होता, कारण शाळांसाठी साधनं निवडणाऱ्या समितीपुढे त्यांना तो ठेवायचा होता.

शाळेने त्यांना चित्रकलेची खोली दिली. भिंतीला रंगाचे शिंतोडे, एका कोपऱ्यात मोडका फळा, खिडकीत वाळत घातलेले ब्रश. एका वेळी एक मूल यायचं, अर्धा तास बसायचं आणि जाताना एका कागदावर खूण करायचं. त्या कागदावर पाच चेहरे होते, रडक्यापासून खदखदून हसणाऱ्यापर्यंत. सव्वीसपैकी चोवीस मुलांनी खदखदणाऱ्या चेहऱ्यावर खूण केली. टाचणबाईंनी त्याची नोंद केली, पण त्यावर फार भिस्त ठेवली नाही. मागे एकदा एका मुलाने सुरूच न झालेल्या खेळण्याला हसरा चेहरा दिला होता. का, असं विचारल्यावर म्हणाला, "त्या वेळात आमचा इतिहासाचा तास होता."

त्यांचा भरवसा वहीवर होता. आणि तिसऱ्या दिवशी दुपारी वहीत एक पान असं भरलं, की ते त्यांना काही सुचू देईना.

ती मुलगी आत आली तेव्हा दाराच्या उंबऱ्याला अडखळली. दोन वेण्या, हातावर शाईचे डाग, बोलायला तरतरीत. वर्गात तिला सगळे 'डुलडुल' म्हणतात असं तिनेच सांगितलं, आणि का ते लगेच दिसलं. चष्मा लावल्याबरोबर ती मान डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे अशी हलवायला लागली. झोपाळ्यावर बसल्यासारखी. डुलत डुलत तिने पहिले चार धडे केले. इतरांपेक्षा वेळ जास्त लागला, पण उत्तरं जवळजवळ सगळी बरोबर. लपलेले ठोकळे तर तिने एकही न चुकता मोजले.

पाचवा धडा तारेच्या ठोकळ्याचा होता. म्हणजे भरीव बाजू नाहीत, नुसत्या बारा कडा, तारेचा पिंजरा असावा तशा. आठ कोपऱ्यांना आठ रंगांचे ठिपके. सगळ्यात जवळचा कोपरा कोणत्या रंगाचा आणि सगळ्यात लांबचा कोणत्या रंगाचा ते सांगायचं. धड्यांतला हा सगळ्यात सोपा. इतर मुलं बघता क्षणी सांगत होती.

"जवळचा हिरवा," डुलडुल म्हणाली. "लांबचा लाल."

ते नेमकं उलटं होतं. पुढचंही उलटं. तिसरं बरोबर आलं, चौथं आणि पाचवं पुन्हा उलटं. तिने मान जोरजोरात हलवली, मग थांबली, चष्मा कपाळावर चढवला आणि मागे वळून टाचणबाईंकडे पाहिलं. बाईंनी नियमाप्रमाणे वहीत डोकं घातलं.

चेहऱ्यांच्या कागदावर तिने हसऱ्यावरच खूण केली. पण खाली 'तुम्ही काय बदलाल?' असा एक प्रश्न होता, जो बहुतेक मुलं कोरा सोडत. तिने लिहिलं होतं, 'शेवटचा ठोकळा मी हलले की तोपण हलतो. त्याला सोडवा.'

मधल्या सुट्टीत वर्गशिक्षिका चहा घेऊन आल्या. टाचणबाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "ती दोन वेण्यांची मुलगी गणितात कशी आहे?"

"हिशेबात बरी आहे. भूमितीत ढ," वर्गशिक्षिका म्हणाल्या. "घनाकृती शिकवायला घेतली की पालथ्या घड्यावर पाणी. आणि धांदरट किती. परवा माझ्या टेबलावर शाईची बाटली ठेवायला गेली ती टेबलाच्या अलीकडेच सोडली."

टाचणबाईंनी मान हलवली. 'ढ' हा शब्द त्यांच्याही तोंडून शेकड्यांनी गेला होता.

चाचणी संपल्यावर त्यांनी कंपनीच्या प्रोग्रामरला बोलावून विचारलं. ती पंचविशीतली मुलगी होती आणि पाचवा धडा तिचा स्वतःचा होता. तिने उत्साहाने समजावलं, "मॅडम, पहिल्या चार धड्यांत ठोकळा टेबलावर बसलेला असतो. मुलांना मान वळवावी लागते, वाकावं लागतं, वेळ जातो. म्हणून पाचव्यात मी तो नजरेलाच बांधला. तुम्ही कुठेही बघा, ठोकळा समोरच. बघा ना, वेळ निम्म्यावर आला. सगळ्यात जास्त आवडलेला धडा हाच आहे."

हे खरं होतं. आकडे तेच सांगत होते. टाचणबाईंनी वहीच्या उजव्या कोऱ्या जागेत लिहिलं, 'उलटं का?' आणि त्या घरी गेल्या.

घरी वडील स्वयंपाकघरात चहा करत होते. ते आयुष्यभर कारखान्यात लेथवर होते. वीस वर्षांपूर्वी लोखंडाची कपची उडाली आणि उजवा डोळा गेला. त्याचं त्यांनी कधी फारसं अवडंबर माजवलं नाही. "आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन; माझ्याकडे दोन होते, त्यातला त्याने एक परत नेला," एवढंच म्हणायचे. आता त्यांनी किटली उचलली, तिचं तोंड कपाच्या काठाला अलगद टेकवलं, टकटक असा बारीक आवाज आला, आणि मगच चहा ओतला. वीस वर्षं ते असंच ओततात. टाचणबाई वीस वर्षं ते बघत होत्या आणि आजच त्यांना दिसलं.

"बाबा, तुम्हाला कप किती लांब आहे ते कळत नाही का?"

"कळतं की. टेकवल्यावर कळतं."

"आणि जिथे टेकवता येत नाही तिथे? रस्त्यात?"

वडिलांनी कप पुढे सरकवला. "मान हलवायची. जवळचं असतं ते भराभर सरकतं, लांबचं असतं ते जागचं हलत नाही. आपटून आपटून शिकलो. पहिले सहा महिने जिन्याच्या प्रत्येक पायरीने मला शिकवलं. का गं?"

टाचणबाई चहा तसाच ठेवून वही आणायला उठल्या.

शनिवारी सकाळी त्या वडिलांना कचेरीत घेऊन गेल्या. चाचणीसाठी बाहेरची माणसं बोलावणं तिथे नेहमीचंच होतं, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. प्रोग्रामर चष्मे परत न्यायला आली होती, तिला त्यांनी थांबवून घेतलं. वडिलांनी चष्मा लावला, टेबलावरच्या ठोकळ्याभोवती दोनदा मान फिरवली आणि चारही धडे उरकले. हाताने लोखंड मोजलेला माणूस, त्याला कोपरे-कडा काय शिकवायच्या.

मग तारेचा ठोकळा आला.

"हं. आता हे चित्र काढून घ्या आणि ठोकळा द्या," वडील म्हणाले.

"आजोबा, हाच ठोकळा आहे," प्रोग्रामर म्हणाली.

"पोरी, हे भिंतीवरचं चित्र आहे. आत्ता वाटतं हिरवा कोपरा पुढे आहे, आत्ता वाटतं लाल पुढे आहे. आणि मान हलवली तर हे लोचट माझ्याबरोबरच येतंय."

पाचपैकी दोन बरोबर आले. तीन उलटे. अगदी समोरासमोरच्या कोपऱ्यांची अदलाबदल. टाचणबाईंनी डुलडुलचं पान काढून शेजारी ठेवलं. प्रोग्रामरने ते वाचलं, मग चष्मा स्वतःच्या डोळ्यांवर चढवला, हाताने एक भिंग झाकलं आणि डावीकडे-उजवीकडे मान हलवून पाहिली.

"तो पलटतोय," ती शेवटी म्हणाली. "मी स्वतः केलाय आणि मला कळत नाहीये पुढचं कुठलं."

"दोन डोळे असले की दोन्हींना थोडं वेगवेगळं दिसतं, त्यावरून खोली कळते," टाचणबाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "एकच चालत असेल तर मान हलवावी लागते. तू तेवढं एकच दार बंद केलंस, आणि ज्यांच्याकडे दुसरं दार नाही ते बाहेर राहिले."

"नववी पास म्हाताऱ्याला जमलं नाही असं लिहू नकोस हं," वडील चष्मा काढता काढता म्हणाले. "एका डोळ्याच्या माणसाला जमलं नाही असं लिही. नाही तर लेथवरचे हसतील."

इथवर कामाचा भाग झाला. पण टाचणबाईंना खरी रुखरुख होती ती मुलीची. त्या डॉक्टर नव्हत्या. अर्ध्या तासाच्या चाचणीवरून एखाद्याच्या पोरीच्या डोळ्यांत काही आहे असं सांगायला जाणं म्हणजे आगाऊपणा. पण गप्प बसणं हा त्याहून मोठा गुन्हा. रविवारभर त्यांनी दोन्ही बाजूंनी विचार केला आणि सोमवारी त्या वर्गशिक्षिकेला भेटल्या. वर्गशिक्षिकेने मंगळवारी मुलीच्या आईला त्याच चित्रकलेच्या खोलीत बोलावलं.

आई एका इस्त्रीच्या दुकानात काम करायची. कामावरून तशीच आली होती, बोटांवर भाजल्याचे जुने डाग. तिने सगळं ऐकून घेतलं आणि तोंड घट्ट मिटलं.

"माझ्या मुलीच्या डोळ्यांत काही खोट नाही," ती म्हणाली. "शेवटच्या बाकावरून फळा वाचते. तुमच्या चष्म्यात काहीतरी बिघाड असेल."

"असू शकेल," टाचणबाई म्हणाल्या. "चष्म्यात बिघाड आहेच. तो मी कंपनीला सांगणार आहे. पण ताई, ती जिना उतरताना कशी उतरते?"

आईची बोटं जुन्या डागांवरून फिरली.

"पेल्यात पाणी ओतते तेव्हा?"

"सांडते," आई म्हणाली. "रोज सांडते. रोज बोलणी खाते." ती खिडकीतल्या वाळलेल्या ब्रशांकडे बघत राहिली. "चेंडू झेलता येत नाही म्हणून मोठा भाऊ तिला खेळायला घेत नाही. सुईत दोरा ओवायला दिला तर अर्धा तास. मी म्हणायचे, लक्ष नाही कशात. परवाच एक धपाटा घातला." मग ती एकदम उठली. "कुठल्या डॉक्टरकडे जायचं?"

डोळ्यांच्या डॉक्टर बाईंनी निदान करायला फार वेळ घेतला नाही. मुलीचा डावा डोळा लहानपणापासून आळशी होता. दिसायला दोन्ही डोळे सारखे, पण मेंदूने डाव्याचं ऐकणंच सोडून दिलं होतं, आणि उजवा एकटाच सगळा संसार ओढत होता. फळा वाचायला एक डोळा पुरतो, म्हणून कुणाला संशय आला नाही. "चार-पाच वर्षांची असताना आणली असती तर बरंच काही करता आलं असतं," डॉक्टर म्हणाल्या. "आता बाराव्या वर्षी पट्टी बांधून, व्यायाम करून थोडा सुधारेल. पूर्ण होईल असं मी सांगत नाही. आणि तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. शंभरात दोन-तीन मुलं अशी असतातच आणि कितीतरी जणांचं कळतसुद्धा नाही."

टाचणबाईंना हे आईकडूनच कळलं, शाळेच्या फाटकाशी. 'शंभरात दोन-तीन' हे शब्द त्या घरी घेऊन गेल्या. पंधरा वर्षांत त्यांच्या हाताखालून सातशे मुलं तरी गेली असतील. म्हणजे पंधरा-वीस. त्यांनी ते चेहरे आठवून पाहिले. भूमितीच्या तासाला ज्याची आकृती कधीच उभी राहायची नाही असा एक मुलगा आठवला, ठोकळा काढ म्हटलं की चौकोन काढणारी एक मुलगी आठवली. त्या दोघांचे डोळे कसे होते कोण जाणे. कदाचित चांगलेही असतील. पण बाईंनी कधी विचारलं नव्हतं, हे मात्र नक्की होतं.

मुलीला स्वतःला ह्या सगळ्याचं दुःख कमी आणि कुतूहल जास्त होतं. तिने डॉक्टरांना विचारलं, "बाकीच्यांना काय दिसतं मग?" डॉक्टरांनी समजावायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. मग तिने वर्गात मोहीम काढली. मधल्या सुट्टीत एकेकाला पकडायची आणि विचारायची, "तुला हा डबा कसा दिसतो? फुगलेला दिसतो की नुसता कळतो?" मुलांना सांगता येईना. जे दिसतं ते दिसतं, त्यात सांगायचं काय. एकाने वैतागून म्हटलं, "डब्यासारखा दिसतो," आणि तिने ते उत्तर अगदी गंभीरपणे वहीत लिहून घेतलं.

इकडे अहवालावरून जुंपली. शुक्रवारी प्रकल्पप्रमुख कचेरीत आले. माणूस वाईट नव्हता. घाईत होता एवढंच. त्यांनी अहवाल चाळला आणि विसाव्या पानावर बोट ठेवलं.

"मॅडम, बाकी सगळं उत्तम आहे. फक्त ही एक ओळ आणि त्याखालचं पान काढून टाकू. सव्वीस मुलांतलं एक मूल, आणि एक तुमचे वडील, जे मुळात विद्यार्थीच नाहीत. याला अपवाद म्हणतात. शितावरून भाताची परीक्षा करू नये."

"भाताची परीक्षा शितावरूनच करतात," टाचणबाई म्हणाल्या. "अख्खं पातेलं कुणी चावून बघत नाही."

प्रमुख हसले, पण बोट हललं नाही. "समिती फक्त पहिलं पान वाचते. वेळ निम्मा, आवड नव्वद टक्क्यांच्या वर. त्यात मध्येच डोळ्यांचं निघालं की सगळी चर्चा डोळ्यांवर जाईल. मी पुढच्या वर्षी तो धडा सुधारतो. शब्द देतो."

"तो चष्मा किती शाळांत जाणार आहे?"

"पहिल्या टप्प्यात चारशे."

टाचणबाईंनी वही उघडली आणि हिशेब त्यांच्यापुढेच मांडला. चारशे शाळा, प्रत्येकी शंभर मुलं, शंभरात अडीच. बरोबरीचं चिन्ह काढून त्यांनी हजार लिहिला आणि वही त्यांच्याकडे फिरवली. "ह्या हजार मुलांना तुमचा चष्मा सांगणार की तुम्ही चुकलात. लाल शेरा देऊन सांगणार. आणि शिक्षक म्हणणार, इतका भारी चष्मा आणला तरी ह्याला कळत नाही, म्हणजे हा ढच. मी असंच म्हटलं असतं." त्यांचा घसा आता पार बसला होता, शेवटचे शब्द नुसती हवा होऊन आले. त्या पाणी प्यायल्या आणि पुढचं वाक्य त्यांनी लिहून दाखवलं: 'अहवालावर सही माझी आहे. पान काढायचं तर सहीही काढा.'

प्रमुखांनी ते वाक्य वाचलं. मग ते कागद गोळा करून गेले.

कचेरीच्या मालकीणबाईंना संध्याकाळी प्रमुखांचा फोन आला. त्यांनी टाचणबाईंना बोलावून विचारलं, "तुमच्या वहीत आहे ते सगळं खरं आहे ना?" टाचणबाईंनी मान हलवली. "मग राहू दे. गिऱ्हाईक जाईल कदाचित. बघू."

सुटका झाली ती अनपेक्षित दिशेने. प्रोग्रामरने शनिवारी सकाळी प्रमुखांपुढे सुधारलेला पाचवा धडा ठेवला. तिला कुणी सांगितलं नव्हतं. ठोकळा नजरेपासून सोडवून तिने टेबलावर बसवला होता, आणि ज्याला हवं त्याने तो बोटाने धरून फिरवावा अशी सोय केली होती. तिने स्वतः करून पाहिला तेव्हा वेळेचा आकडा मात्र वाढला. निम्म्यावर आलेला वेळ पुन्हा जवळजवळ पूर्वपदावर गेला, आणि पहिल्या पानावरचं सगळ्यात मोठं वाक्य खोडावं लागलं.

समितीपुढे अहवाल पूर्ण गेला, विसाव्या पानासकट. समितीत एक वयस्कर मुख्याध्यापिका होत्या, त्यांनी नेमकं तेच पान वाचलं आणि विचारलं, "सुधारलेल्या धड्याची मुलांवर चाचणी झाली आहे का?" झाली नव्हती. समितीने निर्णय पुढच्या सत्रापर्यंत पुढे ढकलला. कंपनीला ते जड गेलं. प्रमुखांनी त्यानंतर बरेच दिवस टाचणबाईंशी कामापुरतंच बोलणं ठेवलं, तेही पत्राने. पण पुन्हा चाचणी घ्यायची तेव्हा काम दुसऱ्या कुणाला दिलं नाही.

दोन महिन्यांनी पुन्हा तीच चित्रकलेची खोली, तीच खुर्ची. ह्या वेळी प्रोग्रामरने सगळे प्रश्न नवे केले होते, म्हणजे मुलांना जुनी उत्तरं आठवायला नकोत. ती स्वतःही आली होती आणि टाचणबाईंच्या शेजारी बसून, जीभ दातांखाली धरून, बोलायचं नाही हा नियम पाळत होती.

डुलडुल आली ती उजव्या, चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून, म्हणजे आळशी डाव्याला काम करावं लागेल. रोज दोन तास बांधायची, असं तिने सांगितलं, आणि चष्म्यासाठी ती काढून खिशात ठेवली. पाचव्या धड्याला तिने ठोकळा बोटाने फिरवला, मान डुलवली, पुन्हा फिरवला. पाचपैकी चार बरोबर. वेळ सगळ्यांत जास्त. चष्म्याने हिरवी टिकली दाखवली तेव्हा ती हसली वगैरे नाही, नुसती पुढच्या प्रश्नाला गेली.

ह्या वेळी शेवटी ठेवलेल्या, लपलेले ठोकळे मोजायच्या धड्यात मात्र तिसऱ्या प्रश्नाला लाल शेरा आला.

"दहा," ती म्हणाली होती. चष्म्याचं उत्तर नऊ होतं.

तिने पुन्हा मोजलं. "दहाच," ती मोठ्याने म्हणाली. मग चष्मा काढून मागे वळली आणि ह्या वेळी थेट प्रोग्रामरकडे बघून बोलली. "ताई, मागच्या रांगेत वरती एक ठोकळा आहे. त्याच्या खाली एक असणारच. मला तो दिसत नाही, पण असणार. नाही तर वरचा पडेल."

प्रोग्रामरने टाचणबाईंकडे पाहिलं. टाचणबाईंनी वहीकडे पाहिलं. त्या दिवशी सकाळपासून अकरा मुलं येऊन गेली होती आणि अकराही जणांनी डोकावून, टेबलाला वळसा घालून नऊ सांगितलं होतं.

प्रोग्रामर उठली, चष्मा डोळ्यांना लावून टेबलाच्या पलीकडे गेली आणि खाली वाकली. तिथे मागच्या रांगेत एक ठोकळा चक्क हवेत लटकला होता. खालचा ठोकळा ठेवायचा ती विसरली होती.

"माझी चूक," ती म्हणाली. "उत्तर दहा."

"मग ते लाल कधी पुसणार?" डुलडुलने विचारलं.

"आत्ताच पुसते."

टाचणबाईंनी डावीकडे वेळ लिहिली, मध्ये लिहिलं, 'प्रश्न तिसरा: ठोकळा हवेत. अकरा मुलांचे गुण पुन्हा तपासावेत.' उजवीकडची जागा त्यांनी कोरी ठेवली आणि दारातल्या तेराव्या मुलाला आत यायची खूण केली.